मोकाशी सरांनी खुर्ची सोडली

आमच्या ऑफिसातलं फॉल्स सीलिंग एकदा कोसळलं. ठाण्यात माजिवड्याच्या उड्डाणपुलाला खेटून असलेली ती इमारत बाहेरून सगळी काच आणि आतून सगळा भुसा, त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं. आमचा मॅनेजर तेजस नेमका त्याखाली उभा राहून फोनवर कोणाला तरी पटवत होता. वर कर्रकन आवाज झाला आणि आम्ही सगळे ‘अरे, अरे’ करत किंचाळलो, ज्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. कोपऱ्यातल्या खुर्चीतून मोकाशी सर म्हणाले, “तेजस, तीन पावलं मागे. आत्ता.” आमटीत मीठ कमी आहे हे सांगावं, त्या आवाजात. तेजस मागे सरकला आणि तो उभा होता तिथे वरचा अख्खा चौकोन येऊन पडला. धुरळा खाली बसल्यावर सर म्हणाले, “हं. आता बोल फोनवर.”

मला तो आवाज सुरुवातीला अजिबात आवडला नव्हता. कळव्याला माझ्या घरी प्रेमसुद्धा ओरडून करतात. आई विहारातून वंदना करून अगदी शांत चित्ताने परतते आणि दारातूनच ‘दुधाखालचा गॅस कोणी मोठा केला?’ म्हणून गरजते. अशा घरातल्या मुलीला, जो माणूस कधी आवाज चढवत नाही तो मनातून आपल्याला तुच्छ लेखत असणार, असंच वाटतं. सरांचं तसं काही नव्हतं. उभा जन्म त्यांनी रडारच्या पडद्यासमोर बसून वैमानिकांशी बोलण्यात घालवला होता. तुम्ही घाबरलात की वैमानिकाला ते आवाजात ऐकू येतं, एवढंच कारण. पुढे पुढे त्यांना दुसरा आवाज उरलाच नाही.

अविनाश मोकाशी हे निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक. निवृत्तीनंतर डोंबिवलीला घरी बसून कंटाळले आणि आमच्या कंपनीत सल्लागार म्हणून आले. आम्ही नियंत्रकांना मदत करणारा एक प्रोग्राम लिहीत होतो. आकाशाच्या एका तुकड्यात बरीच विमानं आहेत. एकाच उंचीवरची कोणतीही दोन विमानं पाच सागरी मैलांपेक्षा जवळ येता कामा नयेत, ही अट. ती पाळायची तर काहींना थोडं वळवावं लागतं, काहींचा वेग बदलावा लागतो. हे सगळं असं करायचं की सगळ्यांची मिळून वाकडी वाट कमीत कमी व्हावी. गणितात याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकात ‘इष्टतमीकरण’ असा शब्द आहे, पण तो म्हणून होईपर्यंत विमान उतरलेलं असतं. एम. एस्सी.ला माझा हाच विषय होता आणि मी त्यात हुशार होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

पहिल्या दिवशी मी ऐटीत त्यांना प्रोग्राम चालवून दाखवला. पडद्यावर विमानं एकमेकांच्या वाटेत येत होती. मी बटण दाबलं. क्षणात उत्तर आलं: प्रत्येक विमान जरा जरा वळलेलं, कोणी दोन अंश, कोणी तीन, आणि एकूण वाकडी वाट इतकी कमी की याहून कमी शक्यच नाही. तसं सिद्ध करता येतं. सर पुढे झुकून एकेक विमान बघत गेले.

“उत्तर बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण हे बोलणार कोण?”

“म्हणजे, सर?”

“तू सगळ्यांना वळवलंस. प्रत्येकाशी बोलावं लागतं, बाळ. एका वेळी एकाशीच. त्याला नावाने हाक मारायची, सांगायचं, त्याने तेच परत म्हणून दाखवायचं, मग पुढचा. शेवटच्यापर्यंत पोहोचेपर्यंत पहिला कुठे गेला? विमान थांबत नाही.”

मी दोन वर्षं त्या प्रोग्राममध्ये इंधन मोजलं होतं, अंतर मोजलं होतं. तोंड मोजायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून कमीत कमी वाकडी वाट हे आमचं ध्येय मागे पडलं आणि कमीत कमी विमानांशी बोलावं लागणं हे पुढे आलं.

दुसरं भांडण पाच मैलांवरून झालं. पाच मैलांची अट घातली की गणित बरोब्बर पाच मैलांवरच येऊन थांबतं, कारण त्याहून जास्त म्हणजे वाया गेलेली वाट. सरांना ते बघवायचं नाही. “पाच मैल ही भिंत आहे,” ते म्हणायचे, “आणि तुझं गणित भिंतीला खांदा घासून चालतं. वारा जरा आडवा आला की?” मी म्हणे, “सर, मग अट सहाची करू, सातची करू, तुम्ही सांगा.” ते म्हणत, “आकडा नाही गं सांगता येत. चित्रावर असतं ते.”

चित्र हा त्यांचा शब्द. नियंत्रकाच्या डोक्यात त्याच्या आकाशाचं एक चालतं चित्र असतं: कोण कुठे आहे, थोड्या वेळाने कुठे असेल, कोण कोणाच्या आड येईल. पडद्यावर नुसते ठिपके असतात, चित्र माणसाच्या आत असतं. “आणि ते जातं कधीकधी,” त्यांनी मला एकदा सांगितलं. “पत्त्यांचा बंगला पडावा तसं, एकदम. ठिपके दिसतात आणि काही म्हणजे काही समजत नाही. अशा वेळी शेजारच्याला सांगायचं, माझं चित्र गेलं, आणि खुर्ची सोडायची. त्यात लाज नाही. बसून राहण्यात आहे.” त्यांच्या शेजारच्या खुर्चीवरचा एक मित्र तसा बसून राहिला होता. दोन विमानं इतकी जवळून गेली की एका वैमानिकाने दुसऱ्या विमानाच्या खिडक्या पाहिल्या. कोणाला काही झालं नाही. तो मित्र मात्र पुन्हा कधी पडद्यासमोर बसू शकला नाही. घरी जिन्यावरून येणाऱ्याजाणाऱ्यांनासुद्धा थांबवून ठेवायचा, असं सर म्हणाले. यावर मी हसले. ते हसले नाहीत.

जे आकड्यात सांगता येत नाही ते प्रोग्रामला शिकवायचं कसं? आम्ही एक रीत काढली. प्रोग्रामने काढलेली उत्तरं सरांना दाखवायची आणि त्यांनी फक्त दोन शब्दांपैकी एक म्हणायचा: ‘घेईन’ किंवा ‘नाही घेणार’. त्यांच्या होकार-नकारांवरून प्रोग्राम स्वतःची मापं बदलत जाणार, कशाला किती महत्त्व द्यायचं ते शिकत जाणार. रोज सकाळी सर खुर्चीत बसत, मी शेजारी, आणि तासन् तास ते दोनच शब्द. कॅन्टीनचा पोऱ्या चहा घेऊन आला तरी ते पडद्यावरून नजर न हलवता ‘घेईन’ म्हणायचे, आणि मी त्या होकाराची चुकून नोंद करायचे. मग ती खोडावी लागे.

पण माणसाचं लक्ष उडू शकतं, तो थकतो, म्हणून अशा कामात माणसालाही तपासायचं असतं. त्यासाठी मी मध्येमध्ये ‘जुळी’ घालत असे. म्हणजे काही आठवड्यांपूर्वी दाखवलेलंच चित्र घ्यायचं आणि अख्खं फिरवायचं. उत्तरेकडून येणारं विमान आता पूर्वेकडून येतंय, विमानांची नावं वेगळी. अंतरं, वेग, उंची सगळं तेच. बघणाऱ्याला ओळखू येत नाही, पण त्याची समज शाबूत असेल तर उत्तर तेच यायला हवं. हे मी सरांना सुरुवातीलाच चाचरत सांगून टाकलं होतं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते म्हणाले, “बरं केलंस. फक्त जुळी कोणती ते मला कळू देऊ नकोस.” आणि त्यांची जुळी नेहमी जुळायची. अगदी कंटाळा यावा इतकी.

पुढे पावसाळ्याचं काम आलं, आणि ते या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम. काळे ढग वाटेत उभे राहिले की विमानांना एका चिंचोळ्या मोकळ्या पट्ट्यातून काढावं लागतं, आणि तिथे प्रोग्राम पार गांगरायचा. सरांनी त्याला ते शिकवलं. प्रोग्राम ढगांतून वाट काढू लागला तेव्हा तेजस आनंदाने नाचायचाच बाकी होता. ग्राहकाला नेमकं तेच हवं होतं. घाई इतकी होती की त्या दिवसांत जुळी घालायला कोणाला फुरसत नव्हती. गरजही वाटली नाही.

दिवाळीनंतर जरा उसंत मिळाली तशी मी जुळी पुन्हा सुरू केली. पहिल्याच दिवशी एक जुळलं नाही. आधीच्या वेळी सर म्हणाले होते, “नाही घेणार. हे दोघं पुढे जाऊन एकमेकांच्या अंगावर येतायत.” फिरवलेल्या चित्राला ते तितक्याच शांतपणे म्हणाले, “घेईन.”

आमच्या धंद्यात असं झालं की माणूस आधी स्वतःच्या कोडवर संशय घेतो, मग शेजाऱ्याच्या. माझी खात्रीच झाली की चित्र फिरवणाऱ्या कोडमध्ये काहीतरी गडबड आहे. मी ते उसवून पाहिलं, पुन्हा लिहिलं, कागदावर कंपास घेऊन कोन मोजले. कोडमध्ये काही नव्हतं. दरम्यान आणखी जुळी बिघडली. तरीही सरांवर माझा संशय जाईना, कारण त्यांचा आवाज. तो कणभर बदलला नव्हता. चुकणारा माणूस अडखळतो, खात्री नसली की घसा खाकरतो, असं आपल्याला वाटत असतं. सर ज्या आवाजात बरोबर बोलत त्याच आवाजात आता चूक बोलत होते.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. ते डोंबिवलीहून स्वतःची गाडी चालवत येत. जुनी, निळी, स्वतः धुतलेली पुसलेली गाडी, आणि तिच्यावर त्यांचा भारी जीव.

“प्रज्ञा, मी कळवा नाक्यावर आहे. ठाणं कुठल्या बाजूला, तेवढं सांग.”

मला वाटलं, थट्टा करतायत. पण सर थट्टा करताना आधी सांगत, ‘आता एक विनोद करतो.’ मी ओढणी घेतली आणि घरातून धावत नाक्यावर गेले. गाडी रस्त्याच्या कडेला, दिवे लुकलुकतायत, मागून रिक्षावाले नाही नाही ते बोलतायत, आणि सर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसलेले.

“सर, हा काय समोर पूल.”

“पूल दिसतोय मला,” ते म्हणाले. “पुलाच्या कुठल्या टोकाला मी आहे, ते समजत नाहीये.”

त्यांनी गाडी बंद केली आणि खाली उतरले. “मी आता चालवणार नाही. रिक्षा बघ.” रिक्षा निघाली. खाडी ओलांडल्यावर म्हणाले, “जुळ्यांचं काय?”

मी बाहेर बघत राहिले.

“प्रज्ञा, मी विचारलं.”

“जुळत नाहीयेत, सर.”

“कधीपासून?”

“दिवाळीनंतर मी परत चालू केलेली ना, तेव्हापासून. मला वाटलेलं माझ्या कोडचा प्रॉब्लेम आहे. मी चेक केलं, सगळं केलं...”

“असू दे,” ते म्हणाले. “दाखव मला.”

ऑफिसात जाऊन मी त्यांना ती चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. ज्याला ते घेईन म्हणाले होते त्यात दोन विमानं सरळ सरळ एकमेकांवर जात होती. मूळ चित्र कोणतं आणि फिरवलेलं कोणतं हेही आता सांगून टाकलं. सर कितीतरी वेळ पाहत होते. एकदा मान तिरकी करून पाहिलं, एकदा उभं राहून. मग म्हणाले, “तू म्हणतेस म्हणून ही दोन्ही एकच. मला नाही दिसत.” मला तिथे बसवेना. पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने मी उठले आणि पॅसेजमध्ये जाऊन रडून आले.

परत आले तेव्हा तेजस त्यांच्यासमोर उभा होता आणि सर त्याला सांगत होते, “माझं चित्र गेलंय, तेजस. मी खुर्ची सोडतोय. आणि माझे होकार-नकार प्रोग्राममधून काढायचे आहेत.”

तेजस माणूस वाईट नव्हता. त्याच्या डोक्यावर डिलिव्हरीची तारीख होती. “सर, टेन्शन नका घेऊ ना. दिवाळीनंतरचं उडवू आपण, झालं. बाकी सगळं मस्त चाललंय.”

“पहिली चूक हिला दिवाळीनंतर सापडली. झाली कधी?”

“अरे सर, ते आता कसं कळणार यार?”

“नाहीच कळणार. त्याच्या आधी जुळी शेवटची कधी जुळली होती?”

ते मला विचारत होते. मी सांगितलं, “पावसाळ्याच्या तोंडावर.”

“मग तिथपासून सगळं काढा. आणि तिथूनही जरा मागून.”

म्हणजे पावसाळा गेला. ढगांचं सगळं काम गेलं. तेजस हादरलाच. “सर, मेन तेच आहे! क्लायंट त्याच्यासाठीच थांबलाय. तुमचीच वर्षभराची मेहनत आहे ना ती!”

“म्हणून मीच सांगतोय.”

मग मीही भांडले. प्रामाणिकपणे भांडले, कारण पावसाळ्यातली ती उत्तरं मी शेजारी बसून पाहिली होती आणि मला ती बिनचूक वाटत होती. “सर, ढगांतली सगळी बरोबर आहेत. मी बघितलीयेत ना.”

“तुला ती बरोबर का वाटतात?” त्यांनी विचारलं. “मी तसं म्हणालो म्हणून.”

ढगांतून विमान कसं काढावं हे मला मुळी त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचं चुकलं असेल तर माझंही त्याच जागी, त्याच दिशेने चुकलं असणार. तेजस अजून काही म्हणत होता. सर त्याच्याकडे वळून म्हणाले, “हे उत्तर मी नाही घेणार,” आणि बोलणं संपलं.

सगळं पुसायचं काम मी केलं. सर शेजारी बसून होते. “पुसलं?” “पुसलं.” “तेजसने कुठे प्रत ठेवली असेल, तीही.” तेजसने ठेवली होती. तीही पुसली. सरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, टेबलावरचा स्वतःचा कप धुवून आणला आणि म्हणाले, “चल, मला रिक्षात बसवून दे. आणि रिक्षावाल्याला पत्ता तूच सांग.” पुढे ग्राहकाने आमचं लंगडं काम घेतलं नाही. प्रोजेक्ट गुंडाळला गेला, तेजस पुण्याला गेला, मला दुसऱ्या टीममध्ये टाकलं. प्रोग्राम आजही कुठल्यातरी सर्व्हरवर पडून असेल. ढग आले की गांगरत असेल.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्ही आधीच ओळखलं होतं. मेंदूचा आजार, परत न फिरणारा. त्यांच्या बाबतीत आधी दिशेचं, जागेचं भान चाललं होतं. बाकीचं मागून जाणार होतं.

एका रविवारी त्यांनी मला डोंबिवलीला घरी बोलावलं. मोकाशी काकू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळे त्या घरात दोन साहेब होते आणि शिपाई कोणीच नव्हता. मुलगी परदेशात. काकूंनी माझ्या हातात साबुदाण्याची खिचडी दिली आणि म्हणाल्या, “बस बाई. तुझ्या सरांना आज काहीतरी समारंभ करायचा आहे.”

तो समारंभ म्हणजे खुर्ची देणं. पाळी संपली की नियंत्रक नुसता उठून जात नाही. पुढचा येऊन आधी शेजारी बसतो, ऐकतो, बघतो. मग जाणारा त्याला सगळं सांगतो: हवेत कोण आहे, कोणाला काय कबूल केलंय, धोका कुठे आहे. पुढचा म्हणतो, ‘घेतलं.’ त्या क्षणापासून जाणाऱ्याचा अधिकार संपतो. तो मागे उभा राहू शकतो, पण काही बोलला तरी ऐकायचं नसतं. एका आकाशात दोन माणसांचे हुकूम चालत नाहीत.

“शुभा, इथे बस,” सर म्हणाले. काकू बसल्या. “ही माझी गाडीची किल्ली. ही आजपासून तुझ्याकडे. मी मागेन. गोड बोलून मागेन, ओरडून मागेन. मला सगळं आठवतंय असं तुला पटवून देईन. आवाज अगदी हाच असेल माझा, त्यावर जाऊ नकोस. द्यायची नाही. दाराची कडी वरची लावायची, मला हात पोहोचला तरी सुचणार नाही. औषध मी घेतलं म्हणालो तरी मोजून बघायचं. आणि मी तुला जे काही बोलेन...” इथे ते थांबले. मी त्यांना बोलताना मध्येच थांबलेलं पहिल्यांदा पाहिलं. “ते मी बोललो असं समजायचं नाही.”

काकू म्हणाल्या, “उभ्या संसारात मी तुमचं एक ऐकलेलं नाही. आणि आता हे ऐकू होय?”

“हे ऐक.”

“आणि मुलीला विचारलंत?”

“शुभा. घेतलं म्हण.”

काकूंनी खिचडीच्या ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “घेतलं,” त्या म्हणाल्या, आणि किल्ली कमरेला खोचून स्वयंपाकघरात निघून गेल्या. आतून भांडी जरा जास्तच वाजली. सर मला म्हणाले, “तू साक्षीदार. तुला म्हणून बोलावलं. पुढे हिला वाटेल की असं काही झालंच नव्हतं.”

तो दिवस ते वर्षभराच्या आत विसरले. त्यांनी किल्ली मागितली, आणि म्हणाले होते तशीच मागितली, आधी गोड बोलून. मग ओरडून. ज्या माणसाने छत कोसळताना आवाज चढवला नव्हता तो आता खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असा ओरडायचा, आणि सोसायटीतली माणसं काकूंना जिन्यात गाठून विचारायची की घरात सगळं ठीक आहे ना.

मी एकदा गेले होते तेव्हा ते चक्क मला ओळखून जुन्या आवाजात म्हणाले, “बरं झालं आलीस. प्रज्ञा, हिने मला इथे कोंडून ठेवलंय. मी ठीक आहे, हे तू जाणतेस. मला फक्त ठाण्याला खोपटपर्यंत जाऊन यायचंय, एकाला भेटायचं आहे. तिला सांग किल्ली द्यायला.” ते इतकं नीट होतं, इतकं समजूतदार होतं की मी खरोखर काकूंकडे वळले. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी फक्त नकारार्थी मान हलवली. सरांनी ते पाहिलं. “चोर आहेस तू,” ते त्यांना म्हणाले. ओरडून नाही. “माझं सगळं चोरलंस.” मग ते खिडकीकडे तोंड करून बसले. काकू आत जाऊन पोळ्या लाटू लागल्या. मी त्यांच्या मागे गेले आणि काही न सुचून पोळ्या भाजू लागले. एकही धड भाजली नाही.

शेवटी न्यूमोनिया झाला. हॉस्पिटल घराजवळचंच. तोवर ते जवळजवळ बोलायचे थांबले होते, पण काकू खोलीत आल्या की तोंड फिरवायचे. नर्सच्या हातून पेज घ्यायचे, काकूंच्या हातून नाही. गेले तेव्हाही काकू कॅन्टीनला चहा आणायला गेल्या होत्या. नर्सने त्यांना जिन्यात गाठून सांगितलं.

मी भेटायला गेले तेव्हा मुलगी येऊन परत गेली होती. घर आवरलेलं होतं. काकूंनी चहा टाकला. पाणी उकळत असतानाच त्या म्हणाल्या, “तू होतीस ना गं त्या दिवशी? झालं होतं ना तसं? त्यांनीच सांगितलं होतं ना मला?”

“हो काकू. मी होते. त्यांनीच सांगितलं होतं, अगदी शब्दन् शब्द.”

“हं.” त्यांनी चहा गाळला, दोन्ही कप भरले आणि तशाच ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. “मला मधूनच वाटतं, मीच मनाने रचलं की काय.”

“नाही काकू. तुम्ही अगदी बरोबर केलंत.”

“बरोबर केलं हे मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या, शाळेत पोरांना म्हणत असतील तशा कडक आवाजात. मग तो आवाज टिकला नाही. “उभ्या संसारात त्यांचं हे एकच मी ऐकलं, प्रज्ञा. आणि ते मला चोर म्हणत गेले.”

मी त्यांना जवळ घेतलं. चहा तसाच निवून गेला.